रेजांभाऊच्या हरनाचा फोटो

हरनाची जीभ बाहेर लोंबत आसंल तर फोटो काढायचा न्हाई. आदी ती आत सारायची, तोंड मिटवायचं, वल्या फडक्यानं नाकावरचं रगत पुसायचं. मंग आपल्या डोस्क्यावरची टोपी काढायची आन् हरनाच्या मागं गुडगं टेकून बसायचं, पुढं न्हाई. मंगच फोटो. ह्ये मी रेजांभाऊकडं बगितलं, ब्रॉसार्डला, आमच्या शेजारच्या गराजात.

परवा अश्विनीच्या फोनवर कुना येकाचा फोटो आला. मेलेल्या आसवलावर पाय ठिवून उभा, हातात बीरचा डबा. मी म्हनलं, रेजांभाऊनं ह्येला कानाला धरून खाली उतरिवला आसता. अश्विनी म्हनली, "आई, तुम्ही बोला त्यांच्याबद्दल, मी लिहून घेते." तर मी बोलतीया आन् सून लिवतीया. मला सही येती तेवढीच.

मी मानदेशातली. मालक इहिरीच्या सुरुंगात गेलं तवा संजय मांडीवर हुता. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, दुसऱ्याची मेंढरं राखली, आन् त्येला शिकिवला. त्यो कंप्युटरचं शिकला, पुन्याला गेला, तितनं कॅनडात, मॉन्ट्रियलला आला आन् मलाबी घिऊन आला. नदीच्या ह्या अंगाला ब्रॉसार्ड म्हनून गाव हाय, तितं घर घेतलं. ल्योक-सून सकाळी कामावर जायची. मी दिवसभर घरात. टीव्हीवर बोलायचं त्ये कळायचं न्हाई, रस्त्यानं मानूस दिसायचा न्हाई. मेंढरामागं हिंडल्याली बाई मी, मला गप बसून ऱ्हायची सवं न्हाई.

रेजांभाऊ शेजारचा. बुटका, पोट पुढं, मिशा भुऱ्या. बसगाड्या दुरुस्त करायच्या कामावरनं रिटायर झाल्याला. बायको वारली हुती, येक लेक हुती ती लांब अल्बर्टात. त्यो फ्रेंच बोलायचा. इंग्रजी त्येचं माज्यासारकंच, हाय-बाय पुरतं. पर त्येनं कवा मला इंग्रजीत काय सांगायचा ताप घेतला न्हाई. त्यो त्येच्या भाशेत बोलायचा, मी माज्या. दोगांचंबी चांगलं चालायचं.

त्येचा येक शब्द हुता, "से कोरेक्ट." मंजे ठीक हाय, चालतंय. नळ फुटून बेसमेंटमदी पानी झालं, से कोरेक्ट. गुडग्याएवढं बरफ पडलं, से कोरेक्ट. संजय त्येला म्हनायचा, "ह्या माणसाचं घर जळालं तरी से कोरेक्टच म्हणेल." आमच्या घरात सगळी मला आई म्हनायची, त्येला वाटलं त्येच माजं नाव. त्यो मला मादाम आई म्हनायचा.

वळक झाली ती इळीवरनं. मी गावाकडनं येताना बॅगंत घालून इळी आनली हुती. संजय लई चिडला हुता, "आई, चाकू मिळतात तिकडं." पर उभ्यानं कांदा चिरायला मला जमत न्हाई. येक दिस रेजांभाऊ आपल्या गराजाच्या दारात बसून दगडावर सुरा घासत हुता. त्यो घासायचा आवाज आयकला आन् मला गावच आठवलं. मी इळी घेतली, पदर खवला, संजयचे बूट घातले आन् त्येच्या म्होरं जाऊन ठिवली. त्येनं ती उलटीपालटी करून बगितली. खोबरं खवायच्या चांदनीला बोट लावून बगितलं. मंग दोनी हात वर केले, मंजे, ह्ये हाय तरी काय?

मी खाली बसले, पायाखाली पाट दाबला, त्येच्याच टोपलीतला कांदा घेतला आन् चिरून दावला. त्यो मानूस तितंच फरशीवर बसला. पोटापायी त्येला मांडी घालता यीना, पाय दाबता यीना, त्यो येका अंगावर कलंडला. मी हासले. ह्या देशात आल्यापासनं तशी हासले नव्हते. त्येनं माजी इळी आशी धार लावून दिली की त्या दिसापासनं मी बोटाला जपून चिरते.

त्यो शिकारी हुता. हितं हिवाळ्याच्या तोंडाला शिकारीचा सीजन आस्तो. सरकारकडनं परवाना काडायचा, नारंगी जाकीट घालायचं, आन् उजेड आसंल तवरच बंदूक चालवायची. अंधार पडला की बंद. मारलेलं हरीन वाटेतल्या दुकानात नेऊन दावायचं, तितं नोंद हुती, शिक्का मिळतो. मटन इकायचं न्हाई, खायाचं आन् वाटायचं. ह्यो कायदा. रेजांभाऊ ह्यो कायदा देवावानी पाळायचा. त्येचा येक दोस्त येकदा म्हनला, "येळ सपून पाच मिंटं झाली तर कोन बगतंय?" रेजांभाऊनं त्येला पुन्यांदा बरूबर नेला न्हाई.

आन् मंग फेसबुक. त्येच्या लेकीनं येकदा यिऊन त्येला कंप्युटर मांडून दिला, म्हनली, ह्येच्यावर तुजी खुशाली मला दिसंल. त्येची खुशाली मंजे हरीन, न्हाईतर मासा. त्यो फोटो टाकायचा. स्वयपाकघरात टेबलापाशी बसून येका बोटानं टायप करायचा, आमच्या खिडकीतनं दिसायचा. कोंबडी दाना टिपती तसं.

फोटो टाकला की शिकारी दोस्त वा वा करायचे. पर कुटनं कुटनं दुसरी मानसंबी यायची आन् शिव्या घालायची. खुनी, हलकट, तुलाच मारला पायजे. अश्विनी तवा सरकारी क्लासात फ्रेंच शिकत हुती. रेजांभाऊ तिला फोटोखालचं वाचायला लावायचा, तिची प्रॅक्टिस व्हावी म्हनून. तिनं ह्या शिव्या वाचून दावल्या. प्रत्येकीच्या खाली त्येनं लिवलं हुतं, "मेर्सी." मंजे आभारी हाय.

अश्विनीनं इचारलं, "मस्यू रेजां, शिव्या देणाऱ्याला मेर्सी कशाला?"

त्यो म्हनला, "मला लिवतंय कोन येरवी? माजी लेक बी न्हाई लिवत."

मंग त्ये साल आलं. अमेरिकेत बँका बुडाल्या आन् हितं संजयची नोकरी गेली. लेऑफ. घराचा हप्ता चालू. फ्रेंच येत न्हाई म्हनून दुसरीकडं कुनी घीना. अश्विनीचा पार्टटाईम पगार, त्येच्यावर तीन ताटं, लई वडाताण. मला त्येचं काय वाटलं न्हाई. मी मिरची-भाकरीवर सालं काढलीत. पर संजय जेवताना मान वर करीना, त्ये बगवत न्हवतं.

कुनी रेजांभाऊला सांगितलं न्हाई. पर दिवसा आमची गाडी दारात उभी दिसाय लागली, त्येच्यावरनं त्येनं वळखलं. त्या सालाला त्यो हरीन घिऊन आला आन् गराजात फरशीवर ठिवलं. मोठं हुतं, शिंगांचं. मला हातानं खुनावून बोलावलं. अश्विनी घरात हुती, ती बी आली. त्यो म्हनला, "माजा फ्रीजर भरल्याला हाय. झाकन लागत न्हाई. अर्धं तुमी न्या, माज्यावर उपकार करा."

त्येचा फ्रीजर मी आठ दिसामागंच बगितला हुता. त्येच्यात मटाराची येक पिशवी आन् बरफ हुतं.

मी हरनाकडं बगितलं. त्येनं तोंड पुशीलं हुतं, जीभ आत सारली हुती, डोळं उगडं हुतं. आन् माज्या मनात आलं, ह्येला कुनी इचारलं न्हाई. आमच्यात देवाला बकरं देताना त्येच्या डोस्क्यावर पानी शिपडायचं, हळदकुकू लावायचं, हात जोडायचं. बकऱ्यानं आंग झाडलं की त्येनं कबूल केलं म्हनायचं, आन् मंगच सुरी. आता ह्ये हरीन आमच्या बी घरात शिजनार हुतं. तसंच कसं शिजवायचं?

मी घरात गेले आन् देवापुढची हळदकुकवाची डबी आनली.

हितं येक सांगाय पायजे. मालक गेल्यापासनं मी कुनाला कुकू लावलं न्हवतं. आमच्याकडं रांडाव बाईच्या हातचं लावून घेत न्हाईत. संजयच्या लग्नात सुनंला कुकू माज्या जावंनं लावलं, मी मागं उभी हुते. कुनी मागं व्हा म्हनलं न्हवतं, माजी मीच झाले. सवं पडल्याली. अश्विनी नंतर म्हनायची, आई तुम्ही लावा, पर माजा हात उचलायचा न्हाई. त्या दिशी मातूर त्यो आपसूक उचलला. मी हरनाच्या डोस्क्यावर पानी शिपडलं, दोन डोळ्यांच्या मदी हळद लावली, हळदीवर कुकू लावलं आन् हात जोडलं.

अश्विनी बावरली. "आई, त्यांना विचारायला तरी हवं होतं."

रेजांभाऊनं मातूर टोपी काढली. मी हात सोडंपतुर तसाच उभा ऱ्हायला. मंग गुडगं टेकून हरनाच्या मागं बसला आन् अश्विनीच्या हातात कॅमेरा दिला. कुकू पुसायचं त्येच्या मनातबी आलं न्हाई. तसाच फोटो निगाला आन् तसाच फेसबुकवर गेला.

तितनंच घोटाळा झाला. हरनाच्या आंगावरची लव वली हुती, कुकू वगळलं. फोटोत त्ये कुकू दिसंना, दोन डोळ्यांच्या मदी भोक दिसाय लागलं, भोवती पिवळं-लाल. शिकारी लोकांच्या डोळ्याला त्येचा येकच अर्थ. राती रानात जाऊन दिवा मारायचा. हरीन दिव्याकडं बगत जाग्यावर थिजतं, तवा समोरनं कपाळात गोळी घालायची. ह्याला चोरटी शिकार म्हनत्यात, आन् सच्चा शिकारी तसल्या मानसाच्या तोंडावर थुकत बी न्हाई. येकानं फोटोखाली लिवलं, "दिवा कितीचा घेतलास रेजां?" दुसऱ्यानं लिवलं, "इतक्या वरसाचा आपला सोबती, आन् बगा."

शिव्या देनाऱ्यांना मेर्सी लिवनारा मानूस, ह्येंना त्येनं कायबी लिवलं न्हाई. खिडकीतनं बगितलं तर कंप्युटर बंद, आन् त्यो टेबलापाशी नुसता बसल्याला.

मंग कुनीतरी तक्रार केली. येक दिस दुपारी रानखात्याची गाडी त्येच्या दारात लागली. वर्दीतली येक बाई आन् येक बापया. रेजांभाऊ बाहेर आला, टोपी हातात. मी खिडकीतनं बगत हुते. बाईच्या हातात कागुद हुता, त्येच्यावर त्योच फोटो. अश्विनीनं दार किलकिलं करून आयकलं आन् मला सांगाय लागली.

"त्या म्हणतायत डोकं दाखवा. ते म्हणतायत, डोकं रानात नेऊन ठेवलं."

त्येची रीतच ती. शिंगं काढून डोस्कं परत रानात न्यायचा, कोल्ह्या-पाखरांसाठी. आता तितं काय ऱ्हायल्यालं आसनार?

"त्या विचारतायत, मग हे कपाळावर काय आहे? ते म्हणतायत, भोक नाही. मग काय आहे? आई, ते सांगतच नाहीयेत. नुसते उभे आहेत."

"आन् सांगितलं न्हाई तर?"

"परवाना जाईल. बंदूक, गाडी जप्त करतील. मटण पण. आपल्याकडचं पण."

मी डबी घेतली.

"आई, जाऊ नका. सरकारी माणसं आहेत. आपली फाईल आहे तिकडं."

माजी कायमची ऱ्हायची फाईल सरकारात पडल्याली हुती. तिच्या काळजीनं अश्विनी येकदा रेजांभाऊच्या म्होरं रडली बी हुती. पर मी खडीवर मुकादमाचं आयकून घेतल्याली बाई, वर्दीला किती भ्यायचं त्ये मला ठावं. मी पायात बूट घातलं आन् बरफातनं तशीच गेले. मागनं अश्विनी आली, कोट न घालताच.

रेजांभाऊनं मला बगितलं आन् मान हलीवली, न्हाई, जा मागं. पयल्यांदाच त्येच्या तोंडातनं से कोरेक्ट निगालं न्हाई. त्यो वर्दीवाल्या बाईला घाईनं कायतरी म्हनला. अश्विनी माज्या कानात म्हनली, "आई, ते म्हणतायत, ह्या बाईंचा काही संबंध नाही, माझंच काय ते लिहून घ्या."

मी म्हनलं, "त्येला म्हन, खाली वाक."

"काय?"

"वाक म्हन. मला हात पुरत न्हाई."

तसा त्यो बुटकाच, पर पायरीवर उभा हुता. अश्विनीनं सांगितलं. त्येनं माज्याकडं बगितलं, डबीकडं बगितलं, आन् वाकला. मी त्येच्या दोन भुवयांच्या मदी हळद लावली. हळदीवर कुकू लावलं, बोट दाबून, चांगलं मोठं. बरफ भुरभुरत हुतं, त्येनं त्ये वगळलंबी. मंग मी वर्दीवाल्या बाईला खुनावलं, काढ ह्येचा फोटो.

तिला आदी कळंना. मंग तिनं गळ्यातला कॅमेरा उचलला आन् काढला. कॅमेऱ्याच्या काचंत बगितलं. कागुद जवळ धरला. येकदा हरीन बगितलं, येकदा रेजांभाऊ. दोगांच्या कपाळात सारकीच गोळी.

ती नाकातनं हासली. बरूबरचा बापया तोंड फिरवून खोकाय लागला. तिनं बोट वलं करून रेजांभाऊच्या कपाळाला लावलं, आपल्या बोटाचा लाल रंग बगितला, आन् त्येला आशी काय झापली की अश्विनीला समदं कळलंबी न्हाई. येवढं कळलं, "तोंड दिलंय न्हवं देवानं? आदी सांगाय काय झालं हुतं?" मंग तिनं नोंदीच्या दुकानाला फोन लावला. दुकानदारानं सांगितलं, ह्ये हरीन मी सोता बगितलंय, भोक येकच, खांद्याच्या मागं, डोस्कं साफ हुतं.

गाडी गेली. अश्विनी थंडीनं कापत हुती, तरी तिनं इचारलंच, "मस्यू रेजां, तुम्ही का नाही सांगितलंत?"

त्यो म्हनला, "वर्दीवाल्यांच्या कागदावर येकदा नाव चढलं की त्ये कुटं कुटं फिरतंय कुनाला ठावं. मादाम आईची फाईल हाय न्हवं तिकडं."

आता रानखात्याचा आन् त्या फाईलीचा काय संबंध? काय न्हाई. त्येचा इचार चुकल्यालाच हुता. पर त्या चुकल्याल्या इचारापायी त्यो बंदूक द्यायला निगाला हुता, गाडी द्यायला निगाला हुता, आन् आपल्या जिंदगानीचं नाव बी. माज्या सख्ख्या दिरानं माज्यासाठी बैलगाडी जुपली न्हवती, सुरुंगात सापडल्याल्या मालकांना दवाखान्यात न्यायाला. मी कुनाचं वाईट सांगत न्हाई, झालं त्ये सांगतीया.

संध्याकाळी रेजांभाऊनं फेसबुकवर फोटो टाकला. हरनाचा न्हाई, सोताचा, कपाळावर कुकू वगळल्याला. गाडी गेल्यावर आमच्या अश्विनीनंच पायरीवर काढला हुता. खाली त्येनं लिवलं, "ह्येलाबी मारलं. दिवसाउजेडी, परवाना दावून." दिवा कितीचा म्हनून इचारनाऱ्यानं माफी मागितली. त्येला मातूर रेजांभाऊनं मेर्सी लिवलं.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात हरनाचं मटन शिजलं. मी खोबरं-कांदा भाजून वाटन लावायची, रस्सा करायची. संजय पयल्यांदा नको म्हनला, मंग दोन भाकरी खाल्ल्या. उनाळ्याच्या सुमाराला त्येला दुसरी नोकरी लागली. पर त्ये चार-सा म्हईनं आमाला उपाशी झोपाया लागलं न्हाई, त्ये त्या मानसामुळं. आन् माज्या हाताचं बी तसंच. त्या दिसानंतर अश्विनीनं म्होरं कपाळ केलं तवा मी मागं सरले न्हाई. लावलं कुकू.

पुढं दर सालाला त्यो हरीन आनला की कुंपनापाशी यिऊन उभा ऱ्हायचा, हाक मारायचा न्हाई. मी डबी घिऊन जायची. फोटोखाली लोक इचारायचे, ही कसली खून? त्यो लिवायचा, "शेजारनीची."

मंग त्येची छाती खराब झाली. चार पावलं चालला की थांबायचा. तरी शेवटल्या सालाला परवाना काढलाच, येका दोस्ताच्या गाडीतनं गेला. परत आला तवा हात रिकामे. मी शेगडीपाशी हुते. त्यो मागल्या दारानं आला, खुर्चीत बसला, दम घेतला. मी दोनी हात डोस्क्याला लावून शिंगं केली, गावलं का?

त्यो अश्विनीला म्हनला, "गावलं हुतं. लई मोठं. माज्यापासनं ह्या दारापतुर हुतं फकस्त. माज्याकडं बगत उभं हुतं."

"मग?"

"घड्याळ बगितलं. उजेड सपला हुता."

"आजूबाजूला कोणी होतं?"

"न्हाई," त्यो म्हनला, आन् कपातला च्या फुकाय लागला. जिंदगानीत पुन्यांदा रानात जायाला मिळनार न्हाई, ह्ये त्येला ठावं हुतं. आमालाबी ठावं हुतं. मी भाकरी टाकत ऱ्हायले.

त्यो जेवून गेला. मी ताट घासताना खिडकीतनं बगितलं. त्येच्या स्वयपाकघरात दिवा लागला, त्यो टेबलापाशी बसला आन् येक-येक बोट मारत कायतरी लिवाय लागला. मधीच थांबायचा, दम घ्यायचा. अश्विनीनं तिच्या कंप्युटरवर बगितलं. फोटो न्हवताच. नुसतं लिवलं हुतं, ह्या सालाला काय न्हाई मिळालं, पर येकाची गाठ पडली, त्यो बरा हाय.

पुढं मी भाचीच्या लग्नाला गावाकडं गेले, तवर त्येची लेक यिऊन त्येला अल्बर्टाला घिऊन गेली. तितंच गेला त्यो. मी शेवटचा बगितला त्यो आसाच, दिव्याखाली वाकल्याला. मी हात पुसून खिडकीपाशी उभी ऱ्हायले. त्येनं लिवून सपवलं, पाठ खुर्चीला टेकली, आन् उटून दिवा मालवला.